म्हशीच्या गोष्टीचा शेवट

जुई हसता हसता खाली पडली, तो शनिवार होता. त्यानंतर आमच्या साडूंनी विनोद सांगणं बंद केलं.

आमच्या नात्यातल्या कुणालाही ही दोन वाक्यं वाचून दाखवली, तर तो पहिल्यावर विश्वास ठेवील, दुसऱ्यावर ठेवणार नाही. जुई माझी मुलगी, तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांनी विनोद बंद करावेत हे गोदावरीने त्र्यंबकच्या दिशेने चढू लागण्याइतकं अशक्य होतं. बारसं असो, तेरावं असो, साडू दारातून आत आले की लोक हातातली कपबशी खाली ठेवत, नाहीतर ती सांडे. जगात दुसऱ्याला हसवणारी माणसं पुष्कळ असतील, पण स्वतःच्या विनोदाला स्वतः इतकं हसणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्यांचं हसू पोटातून निघे, खांद्यांपर्यंत चढे, तिथून चष्म्यात शिरे आणि चष्मा नाकावरून घसरे. मग एका हाताने चष्मा सावरत, दुसऱ्या हाताने ‘थांबा, थांबा’ अशी खूण करत ते डोळे पुसत बसत आणि विनोद तिथेच राहून जाई. तोवर आम्ही सगळे त्यांच्याकडे बघून हसायला लागलेले असू. विनोद कशावर होता आणि पुढे काय झालं, हे विचारायचं कुणाला सुचतच नसे. लग्न झाल्यापासून मी त्यांचे विनोद ऐकत आलो, पण एकाचाही शेवट मला सांगता येणार नाही.

त्यातली म्हशीची गोष्ट सर्वांत लाडकी. साडू देवळाली कॅम्पात राहतात. तिथे तोफांचा सराव चालतो आणि तोफ वाजली तरी कॅम्पातली माणसं दचकत नाहीत. बोलणं तेवढ्यापुरतं थांबवतात आणि आवाज विरला की सोडलेल्या शब्दापासून पुढे चालू करतात. तर अशा या कॅम्पातल्या एका गवळ्याची म्हैस तोफेच्या आवाजाला इतकी सरावली की तोफ वाजल्याखेरीज पान्हा सोडीना. पुढे काही कारणाने सराव बंद पडला आणि म्हैस अडून बसली. गवळ्याने पत्र्याचे डबे बडवले, दिवाळीचे उरलेले फटाके लावले, जावयाला गोठ्यात नेऊन ओरडायला लावलं. म्हैस नुसती मान वळवून जावयाकडे बघत राहिली. शेवटी तो बिचारा चरवी घेऊन साहेबाच्या बंगल्यावर गेला आणि हात जोडून म्हणाला, “साहेब, एकच. एकच उडवा. लहानातली लहान.” त्यावर साहेब म्हणाला...

इथे साडूंचा चष्मा घसरे.

जुईने ही गोष्ट त्यांच्या मांडीवर बसून ऐकली, झोपाळ्यावर ऐकली, दहावीच्या अभ्यासातून उठून ऐकली. दर वेळी ती त्यांच्या शर्टाची बाही ओढून विचारी, “काका, पण साहेब काय म्हणाला?” “सांगतो, सांगतो,” असं म्हणून काका पुन्हा सुरुवातीपासून सांगायला घेत आणि पुन्हा त्याच जागी बुडत.

साडू प्राणिशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी पीएच.डी. केली ती सस्तन प्राण्यांच्या पेशीत स्निग्ध पदार्थ एका पटलावरून दुसऱ्या पटलावर कसे जातात या विषयावर. नात्यात तिला ‘तुपाची पीएच.डी.’ म्हणत. यात चेष्टा होती, पण साडूंना ते नाव पसंत होतं. कारण त्यांना तो विषय कुणालाही, कुठेही, तुपावरूनच समजावता येई. “पेशी म्हणजे घर समजा,” ते म्हणत. “घरात खोल्या, आणि खोल्यांच्या भिंती तुपाच्या. मधे मात्र सगळीकडे पाणी. आता या भिंतीतलं तूप त्या भिंतीत न्यायचंय. कसं न्याल? तूप पाण्यात चालतं का? म्हणून डबा लागतो. प्रोटीन म्हणजे झाकणाचा डबा. या भिंतीशी जातो, तूप आत घेतो, झाकण लावतो, पाण्यातून जातो, त्या भिंतीशी उघडतो. आत तुपाला पाणी लागत नाही. आहे की नाही?” ‘आहे की नाही’ हे ते अशा अभिमानाने विचारत, की डबा त्यांनीच घडवला असावा.

ओझरला एका लग्नात त्यांनी हौसेने पंगतीत तूप वाढायला घेतलं होतं. पहिल्या पानावर त्यांनी वरणावर धार धरली आणि वाढपी म्हणजेच प्रोटीन कसं, हे पाहुण्यांना सांगायला सुरुवात केली. दुसऱ्या पानावर ते डब्याच्या झाकणापाशी आले. तिसऱ्या पानावर, दोन भिंती अगदी जवळ आल्या तर डब्याऐवजी लांब पन्हळीसारखं प्रोटीन लागतं आणि तूप त्यातून घरंगळत जातं, इथवर पोचले. पंगतीच्या दुसऱ्या टोकाला भात निवत चालला होता. तिथून नवऱ्याच्या चुलत्यांनी हाक मारली, “ओ प्रोटीन! जरा इकडच्या भिंतीला पण या!” त्या दिवशी साडू इतके हसले की उरलेलं तूप दुसऱ्यांनी वाढलं.

दर शनिवारी ते कॅम्पातून बसने नाशिकला आमच्याकडे येत. मांडीवर स्टीलचा डबा, डब्यात ताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, घरी कढवलेलं तूप. डबा दोन्ही हातांनी धरलेला. एकदा कंडक्टर म्हणाला, “काका, टिफिन खाली ठेवा ना.” साडू म्हणाले, “हा टिफिन नाही, हे वाहन आहे.” कंडक्टर म्हणाला, “मग ह्याचं पण तिकीट काढा.” साडूंनी काढलं. संध्याकाळी परत जाताना डबा रिकामा जात नसे. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये ही आपल्याकडची रीत. त्यामुळे माझी बायको त्यात कधी अळूवड्या घाली, कधी चिवडा, हंगाम असेल तर द्राक्षं. साडूंना याचाही आनंद शास्त्रीय होता. पेशीतली काही प्रोटीनं जाताना एक पदार्थ नेतात आणि येताना तिकडचा दुसरा घेऊन येतात, रिकामी म्हणून परतत नाहीत. “या बाबतीत पेशींचं आणि आपल्या बायकांचं एकमत आहे,” ते म्हणत. “फक्त पेशी दारात उभं राहून तासभर बोलत नाहीत.” यावर आतून माझ्या बायकोचा आवाज येई, “दारात कोण उभं राहतं, ते ताईला विचारा!”

त्या शनिवारी म्हशीचीच गोष्ट चालली होती. गवळी बंगल्यावर पोचला होता. “लहानातली लहान” या शब्दांवर जुई हसत सुटली, तिची मान पुढे कलली, गुडघे वाकले आणि ती उभ्या जागी खाली आली. दोरीवरचा कपडा घसरून पडावा तशी. आम्हाला वाटलं, म्हशीची नक्कल करते आहे. आम्ही जास्तच हसलो. मिनिटभराने ती उठली आणि म्हणाली, “मला काही कळलं नाही, पायच गेले.” तेव्हा हसणं थांबलं.

साडूंनी डोळे पुसले आणि तिला समोर बसवलं. खिशातलं पेन काढून तिच्या डोळ्यांपुढे डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं. तिचे डोळे पेनाबरोबर गेले. मग त्यांनी पेन खाली नेलं. डोळे खाली गेले नाहीत. तिने मान खाली घातली. “मान नाही, नुसते डोळे,” ते म्हणाले. पुन्हा पेन, पुन्हा मान. काही महिन्यांपासून ती जिना उतरताना अडखळत होती आणि मोबाइलमध्ये डोकं घालून चालते म्हणून आम्ही तिला बोलत होतो. साडूंनी पेन खिशात ठेवायला घेतलं, ते खिशात न जाता जमिनीवर पडलं. त्यांनी ते उचललं नाही. माझ्या बायकोकडे पाणी मागितलं.

पुढे तपासण्या झाल्या, मुंबईला नमुने गेले. रोगाचं नाव लांब आहे, मी ते इथे लिहीत नाही. तो फार थोड्यांना होतो, आणि तो साडूंच्याच विषयातला होता. ज्या विषयाला आम्ही इतकी वर्षं पंगतीत हसलो, त्यातलं हे एक दुखणं नाशिकमध्ये येऊन आमच्याच घरात राहिलं.

अहवाल आल्यावर त्यांनी आम्हाला समजावलं. पेशीत एक खोली असते, जुन्याची मोडतोड करून चांगलं तेवढं परत कामाला पाठवणारी. तिथे कोलेस्टेरॉल येतं. एक प्रोटीन ते पाण्यातून उचलतं आणि भिंतीत बसलेल्या दुसऱ्या प्रोटीनाच्या हाती देतं. दुसरं ते भिंतीपलीकडे काढतं. तिथून पुढे न्यायला आणखी आहेतच. “जुईच्या पेशीत ते भिंतीतलं नीट घडलेलं नाही,” साडू म्हणाले. “माल येतो. पहिलं प्रोटीन उचलतं. पण घ्यायला समोर कुणी नाही.”

बायकोने विचारलं, “मग ते पहिलं काय करतं, भावजी?”

साडूंनी अहवालाची घडी घातली. मग म्हणाले, “धरून उभं राहतं.”

“तुम्हाला दुरुस्त नाही का करता येणार? तुमचाच तर विषय.”

“मी ते कसं चालतं एवढंच पाहिलं गं,” ते म्हणाले. “तेही उंदराच्या पेशीत.”

रोग सावकाश करणारं एक औषध होतं, ते सुरू झालं. बरं करणारं नव्हतं. हसू आलं की अंगातली शक्ती जाते, हे या दुखण्याचंच लक्षण आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. तिला पडण्यापासून जपायचं. म्हणजे हसण्यापासून जपायचं.

मी वाचनालयात काम करतो, माझ्यामुळे कुणाला हसू येण्याचा प्रश्न नव्हता. प्रश्न साडूंचा होता. शनिवार चुकवणं त्यांना शक्य नव्हतं आणि शनिवारी ते आले की जुईला नुसतं बघूनच हसू येई. तेव्हा त्यांनी कंटाळवाणं व्हायचं ठरवलं. कंटाळा आणणारा विषय म्हणून त्यांनी स्वतःचाच विषय निवडला, यात नात्यातल्या सर्वांचं मत त्यांनी किती शांतपणे मान्य केलं होतं हे दिसतं. ते खुर्चीत ताठ बसले, हात गुडघ्यांवर ठेवले आणि सपाट आवाजात बोलू लागले. “स्निग्ध पदार्थ वाहून नेणारी प्रोटीनं. प्रकार पहिला, डबा. प्रकार दुसरा, पन्हळ. डब्याचे उपप्रकार...”

जुईने ओठ दाबून धरले. “काका,” ती म्हणाली, “तुम्ही रेडिओवर कांद्याचे भाव सांगताय.”

“मधे बोलू नये. डबा, लहान. डबा, मध्यम.”

“लासलगावला काय भावाने गेला डबा?” एवढं म्हणून ती खुर्चीवरून घसरली. साडूंनी तिला धरलं. आतून बायको धावत आली. “भावजी, तुम्हाला सांगितलं होतं ना!”

“अगं, मी विनोद नाही केला! विचार यांना!” साडू माझ्याकडे वळून म्हणाले. “साडूभाऊ, सांगा ना. मी काही केलं का?” त्यांचा चेहरा इतका खरा होता, की जमिनीवर पडल्या पडल्या जुई आणखी हसली.

पुढच्या शनिवारी ते भिंतीकडे तोंड करून बसले. त्याने तर कहर झाला.

उपाय अखेर जुईनेच काढला. “काका, आडव्या माणसाला पडायला जागा कुठे असते?” ती म्हणाली. मग शनिवारी दुपारी बाहेरच्या खोलीत जमिनीवर गादी घातली जाऊ लागली, चारी बाजूंनी उशा. जुई आडवी व्हायची आणि हुकूम सोडायची, “हं, आता हसवा.” सगळे विनोद परत आले, अर्थात पूर्वीसारखेच अर्धेमुर्धे. हसू आलं की तिचे हातपाय सैल पडत, मान उशीत रुते, तोंडातून आवाजही निघत नसे. नुसते डोळे हसताना दिसत. मिनिटभराने हातपाय परत येत आणि ती म्हणे, “पुन्हा.” म्हशीच्या गोष्टीला साडू गादीशेजारी जमिनीवरच बसत, आणि साहेबापाशी आले की तेही आडवे होत. हलू न शकणारी एक मुलगी आणि शेजारी चष्मा हातात धरून लोळणारे साडू, असं ते दृश्य असे. बायको दारात उभी राहून पदराने डोळे पुसे. ती हसत असे की रडत, हे मी कधी नीट पाहिलं नाही.

ही गादी काही काळ होती. मग जुईचे शब्द जड झाले. तिचं बोलणं आधी बाहेरच्यांना कळेना, नंतर मला कळेना. तिच्या आईला आणि साडूंना शेवटपर्यंत कळत होतं. मग घास गिळताना ठसका लागू लागला, आणि हसता हसता तोंडातली लाळ, पाणी काहीही छातीत जाऊ शकतं असं डॉक्टरांनी सांगितलं. गादी गुंडाळून पलंगाखाली गेली. साडू येत, डबा देत आणि तिच्याजवळ बसत. आता ते खरंच कंटाळवाणे झाले होते. रात्रंदिवस जगभरातले निबंध वाचत. उंदरांवर काय जमलं, कुठे काय चाललं आहे, हे ते मला सांगत, आणि प्रत्येकाच्या शेवटी “पण अजून...” असं म्हणून थांबत. मला ते थांबणं ओळखीचं वाटे. फरक एवढाच, की आता चष्मा जागेवर असे.

त्या दिवसांत मी त्यांना एकदाच चिडलेलं पाहिलं. शेजारच्या काकू मायेने म्हणाल्या, “कोलेस्टेरॉल साठलंय म्हणे ना? मग घरातलं तूप बंद करा. आमच्या ह्यांचं बंद केलं, सगळं खाली आलं बघा.” साडू उठून उभे राहिले. “अहो, माल जास्त नाही झालेला!” ते ओरडले. “माल जास्त नाही! न्यायला कुणी नाही!” काकू बावरून गेल्या. साडूंनी हात जोडले, “चुकलं माझं,” म्हणाले, आणि स्वयंपाकघरात जाऊन आमच्यासाठी आणलेल्या तुपातलं अर्धं तूप वाटीत काढून काकूंना नेऊन दिलं.

शेवटच्या शनिवारी जुईला ताप होता. ती उशांना टेकून बसली होती. साडू आले, तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि ओठ हलवू लागली. तो एक शब्द यायला फार वेळ लागला. मला वाटलं, पाणी मागते आहे. साडूंना कळलं. ती “साहेब” म्हणत होती.

त्यांनी हातातला डबा खाली ठेवला. मग चष्मा काढला आणि घडी करून खिशात घातला. हे त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं. आता घसरायला काही उरलं नव्हतं. त्यांचा चेहरा स्थिर होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच हा माणूस गोष्टीच्या शेवटापर्यंत जाऊ शकणार होता, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. ते तिच्याजवळ सरकले. “गवळी म्हणाला, साहेब, एकच उडवा...”

जुईच्या डोळ्यांत हसू आलं आणि तिला ठसका लागला. तो लवकर थांबला नाही. थांबला तेव्हा तिचे ओठ निळसर झाले होते. साडूंनी तिच्या पाठीवरचा हात काढला, खिशातून चष्मा काढून पुन्हा लावला. “पुढच्या शनिवारी,” ते तिच्या कानाशी म्हणाले. “आधी ताप उतरू दे. मग सांगतो. नक्की.”

ती गुरुवारी गेली.

साडू अजून शनिवारी येतात. बसने येतात, डबा मांडीवर धरून. दार उघडं असलं तरी एकदम आत येत नाहीत. मागे एकदा मी वाचनालयातून आलो तर ते उंबऱ्याबाहेर डबा दोन्ही हातांनी धरून उभे होते. आत बायको कुकर लावत होती, तिला कळलंही नव्हतं. “आत या ना,” मी म्हणालो. “हो, हो,” ते म्हणाले. मी डबा घेतला, तेव्हा ते आत आले.

हसण्यापासून जपावं असं आता घरात कुणी नाही. तरी साडू विनोद सांगत नाहीत. गेल्या महिन्यात त्यांच्या नातवाचं बारसं कॅम्पात झालं. जमलेल्या पोरांनी फार आग्रह केला, म्हणून त्यांनी म्हशीची गोष्ट सुरू केली. डबे बडवून झाले, जावई ओरडून झाला, गवळी बंगल्यावर गेला. चष्मा जागचा हलला नव्हता. “एकच उडवा,” साडू म्हणाले, “लहानातली लहान. त्यावर साहेब म्हणाला...” तेवढ्यात खरोखरच लांब कुठेतरी तोफ वाजली. कॅम्पातल्या रिवाजाप्रमाणे सगळे थांबले. आवाज विरला आणि ज्याने त्याने सोडलेल्या शब्दापासून बोलणं पुढे चालू केलं. साडूंनी केलं नाही. पोरं वाट बघून उठली आणि पेढ्यांकडे गेली.

परतताना त्यांनी आम्हाला बसपर्यंत सोडलं. बस दिसली तेव्हा म्हणाले, “साडूभाऊ, विसरलेलो नाही हं मी.”

“माहीत आहे,” मी म्हणालो.

तुपाचा डबा दर शनिवारी येतो. आम्ही त्यात काहीतरी घालून तो परत देतो. साहेब काय म्हणाला, ते साडूंपाशी आहे.